आईनं धरलेला सेकंड

आमच्या पिकअपचं डावं दार आतून उघडायचं नाही. ते उघडायचं तर काच खाली करून हात बाहेर काढायचा आणि बाहेरची कडी ओढायची. आणि काच खाली करायची तर तिच्या फटीत कायम खोचून ठेवलेला स्क्रू-ड्रायव्हर आधी काढायचा, नाहीतर काच धाडकन दाराच्या पोटात जाऊन पडायची. हॉर्न फक्त स्टिअरिंग डावीकडे वळवलं की वाजायचा, त्यामुळे उजव्या वळणावर दादा, म्हणजे माझे वडील, खिडकीतून हात काढून दारावर थापा मारत. पायाखालच्या पत्र्याला ताटलीएवढं भोक होतं, त्यातून रस्ता पळताना दिसायचा. मी त्यावर पोत्याचा तुकडा टाकायची आणि कंटाळा आला की तो पायानं सरकवून रस्ता बघत बसायची. एवढं सगळं असून ती गाडी तीसेक वर्षं आमच्या दारात राहिली आणि तिनं आम्हाला वाटेत टाकून दिलं असं एकदाही झालं नाही. टोमॅटोचे क्रेट, कांद्याच्या गोण्या, शेणखत, दोन लग्नांची वऱ्हाडं, राजुरीहून आणलेली गाभण गाय, बाळंतपणात अडलेली शेजारची बाई, सगळं तिनं वाहिलं. येडगावला कालव्याच्या कडेला एकदा ती चारी चाकांनी चिखलात रुतली. बैल लावून काढली, इंजिनावरचा चिखल धुतला, दादांनी किल्ली फिरवली आणि ती काहीच झालं नाही अशी सुरू झाली.

आता माझ्या भाच्याकडे नवी पिकअप आहे. आत थंड हवा येते, पुढे पडदा आहे, मागे घेताना ती स्वतःच टुंग टुंग करून सावध करते. पाच वर्षांनी विकून दुसरी घ्यायची, असं त्यानं घेतानाच ठरवून टाकलंय. मी जुन्या गाडीचं काही सांगायला लागले की तो हसतो. म्हणतो, "आत्या, त्या गाडीत चालू काय व्हतं ते सांग, लवकर आटपंल." तो म्हणतो ते खरंच आहे. पण मला आठवतं ते सगळं त्या गाडीत जे बिघडलेलं होतं त्याच्याभोवतीच आठवतं, त्याला माझा इलाज नाही.

आमची वाडी जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या शिवेवर, डोंगराच्या कुशीत. वाडीतून डांबरी रस्त्याला लागायचं तर खिंडीचा चढ चढावा लागे. चढ लांबीला फार नव्हता, पण उभा होता आणि त्याला चार वळणं होती. फर्स्टमध्ये गाडी तापायची, थर्डमध्ये दम सोडायची, म्हणजे चढायचं ते सेकंडमध्येच. आणि आमच्या गाडीचा सेकंड निसटायचा. मंचरच्या ज्या माणसाकडून दादांनी ती जुनी विकत घेतली, त्याच्याकडूनच तो तसा आला होता. गिअर टाकला की चार हात गाडी जायची, मग खट् करून दांडा मधोमध यायचा, इंजिन नुसतं बोंब मारायचं आणि भरलेली गाडी मागे सरकायला लागायची. दांडा दाबून धरला तर राहायचा. पण त्या वळणांवर स्टिअरिंगला दोन्ही हात लागत. एका हातानं ते वळवणं पैलवानालाही जमलं नसतं.

दांडा धरायचं काम आईकडे कसं आलं, त्याची हकीकत ती स्वतः हसत सांगायची. मामाच्या लग्नाला माहेरी निघाली होती. नवी साडी, डोक्यावर पदर, मांडीवर मी. दुसऱ्या वळणावर सेकंड निसटला, दादा "आरं आरं" करत ब्रेकवर उभे राहिले, आणि आईनं मला एका काखेत दाबून दुसऱ्या हातानं तो दांडा खाली ओढून धरला, तो थेट खिंडीच्या माथ्यापर्यंत.  परत आल्यावर पुढच्या बाजाराच्या दिवशी अंगणातून त्यांनी हाक दिली, "अगं ए, गिअर धराया चल." त्या दिवसापासून आठवड्यातून दोनदा, बाजार असेल तेव्हा, आई गाडीत बसू लागली.

ही गोष्ट किती मोठी होती ते आमचं घर माहीत असल्याशिवाय कळायचं नाही. घरात राज्य आक्काचं. आक्का म्हणजे दादांची थोरली बहीण, तरुणपणीच नवरा वारल्यावर माहेरी परत आलेली. दादांना तिनंच वाढवलं होतं, त्यामुळे तिच्यापुढे दादांची मान वर होत नसे. ती दुष्ट नव्हती, पण घरातल्या चालीरीती तिनं जात्याला खुंटा ठोकावा तशा ठोकून ठेवल्या होत्या. बाईमाणसाचं बाजारात काय काम, ही त्यातली एक. आक्कासमोर नवरा-बायकोनं एकमेकांशी थेट बोलायचं नाही, ही दुसरी. दादा जेवायला बसले की मला सांगत, "मंगे, तुझ्या आईला म्हणावं आमटी वाढ." आई तिथेच, हातभर अंतरावर परातीत भाकरी थापत असायची. ती मला म्हणायची, "त्यांना सांग, कढत हाय, दम धरा." मी मधे बसून दोघांचे निरोप पोचवायची. माझं अर्धं बालपण असं पोस्टमनगिरीत गेलं. पण गिअर धरायला दुसरं माणूस घरात नव्हतं, भाऊ तर जन्मलाही नव्हता, आणि माल तर बाजारात पोचायलाच हवा. तेव्हा आक्कानं मिसरी लावता लावता निकाल दिला, "गिअर धराया जाती ना? मग जाऊ दे." आणि एवढ्या एका वाक्यावर आईला जग दिसलं.

मी जुन्नरला कॉलेजात जायला लागले तेव्हा बाजाराच्या दिवशी फाट्यापर्यंत त्यांच्याबरोबर जायची, तिथून मला एसटी मिळे. दादा चाकावर, मधे आई, खिडकीशी मी. मागे हौद्यात क्रेटची थप्पी, आणि सगळ्या गाडीला पिकलेल्या टोमॅटोचा आणि डिझेलचा मिळून एक वास. चढ सुरू झाला की आई पदराचं टोक तळव्याला गुंडाळायची, कारण दांडा थरथरून हात सोलवटायचा. त्या थरथरीनं तिच्या हातातल्या काचेच्या बांगड्या खणखण वाजायला लागायच्या आणि माथ्यापर्यंत थांबायच्या नाहीत. इंजिनाचा आवाज असा, की बोलायचं तर ओरडूनच. आणि मग घरात एकमेकांकडे बघून न बोलणारी ही दोन माणसं तिथे घसा फोडून बोलायची.

"धरलास का?" दादा ओरडायचे.

"धरलाय! तुमी रेस करा!"

"सोडू नको गं!"

"न्हाई सोडत! वळनाकडं बघा, माझ्याकडं काय बघताय!"

माथ्यावर आलं की दादा थर्ड टाकायचे, आई हात काढून फुंकर मारायची, आणि समोर लांबवर शिवनेरी दिसायचा. मग सपाटीला उरलेल्या गप्पा. कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, मावशीच्या पोरीचं कुठे जमतंय, आक्काला डोळे दाखवायला न्यायला हवं. घरातले सगळे निर्णय खरं तर त्या गाडीतच होत आणि घरी येऊन आक्काकडून जाहीर होत. मी उतरून गेल्यावर नारायणगावच्या बाजारात माल लावून झाला, की दादा कागदात गरम भजी आणि दोन ग्लास चहा गाडीपाशी आणत आणि आई गाडीत बसूनच खाई. "भज्याबरोबर तळलेली मिरची त्ये सोता खात न्हाईत, मला ठेवत्यात," हे तिनं मला एकदा सांगितलं आणि सांगून स्वतःच लाजली. लग्न होऊन अठरा-एकोणीस वर्षं झालेली बाई तेव्हा कशी लाजली, ते मला अजून दिसतं. पण तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही. मला दिसायचा तो फक्त तिचा तळवा. त्याला घट्टे पडले होते आणि थंडीत मनगट सुजायचं. आई मीठ घातलेल्या गरम पाण्यात हात बुडवून बसायची. मी शिकलेली मुलगी, मला वाटायचं या बाईचा छळ चाललाय.

एकदा गाडीच्या चाकावरचा पाटा मोडला म्हणून दादांनी ती जुन्नरला बशीरचाचांच्या गॅरेजला आणली. चाचा दादांच्या वयाचे, बारीक अंगाचे, कानावर कायम विडी खोचलेली. गाडी त्यांच्या हातात अंगणातल्या गाईसारखी गप्प उभी राहायची. मी कॉलेज सुटल्यावर तिथे गेले. दादा बियाणं बघायला पेठेत गेले होते. मी चाचांना विचारलं, "चाचा, सेकंड का निसटतो? दुरुस्त होत नाही का तो?"

"व्हतो की," चाचा म्हणाले. "वर झाकन हाय, त्याखाली एक स्प्रिंग आन एक छर्रा. स्प्रिंग दमली की गिअर धरत न्हाई. दोन तासांचं काम."

मी चाटच पडले. "मग इतकी वर्षं का नाही केलं?"

चाचांनी कानावरची विडी काढली, बघितली, परत ठेवली. "कुनी सांगितलंच न्हाई. आन चाललंय की बेटा. ऱ्हाऊ दे."

"चालत नाही चाचा. आईचा हात सुजतो. तुम्ही करा."

"आईनं सांगितलंय का तुज्या?"

त्यांनी हे विचारलं तेव्हा पाना हातात धरून ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हटलं, "हो. आईनंच सांगितलंय." इतकं सरळ खोटं मी त्याआधी कधी बोलले नव्हते. पण मला तेव्हा ते खोटं वाटलंच नाही, उपकार वाटला. दादा परत आले तोवर झाकण बसवून झालं होतं. चाचा त्यांना म्हणाले, "सेकंड बसवलाय. वहिनींचा निरोप व्हता म्हनून." दादांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. ते एवढंच म्हणाले, "बरं." चाचांनी ती जुनी स्प्रिंग माझ्या हातावर ठेवली. करंगळीच्या पेरापेक्षा लहान होती. मी ती कंपासपेटीत टाकली आणि घरी जाईपर्यंत स्वतःवर खूश होते.

घरी दादांनी अंगणातूनच आक्काला सांगितलं, "गिअर दुरुस्त झाला." आई दारात उभी होती. तिनं ऐकलं, आणि आत जाऊन चुलीत लाकूड सारलं. बाजाराच्या दिवशी सकाळी ती सवयीनं वेणी घालून, धुतलेलं लुगडं नेसून तयार झाली होती. आक्का म्हणाली, "आता गं कुठं? आता तर त्यो दांडा आपला आपन ऱ्हातोय म्हनं. शेंगा फोडायच्या पडल्यात." आईनं दादांकडे एकदा बघितलं. दादा क्रेटच्या दोरीला गाठ मारत होते, मारलेली गाठ सोडून परत मारत होते. आई शेंगांचं सूप घेऊन बसली. गाडी त्या दिवशी एकाच दमात चढ चढली. सेकंड खांबासारखा उभा राहिला, दादा गप्प, आणि बांगड्यांचा आवाज नाही. मधली जागा रिकामी असूनही मी खिडकीला चिकटूनच बसले होते.

असे चार-पाच बाजार गेले. दादा येताना भजी बांधून आणू लागले. घरी येईतो ती गार आणि ओली व्हायची. ते पुडकं माझ्या हातात देऊन म्हणायचे, "तुझ्या आईला दे." आई ते भावाला देऊन टाकायची. ती रागावली नव्हती, तिला रागवायचं माहीतच नव्हतं. पण तिनं बोलणंच आवरतं घेतलं, जसं काही घरातलं एखादं सामान आपल्याला लागत नाही म्हणून माळ्यावर टाकावं. एक दिवस परसात भांडी घासताना ती मला म्हणाली, "तुझ्या दादांनी बरं केलं गं, करून घेतलं ते. किती दिस मला शेजारी घेऊन फिरतील. चार मानसांत त्यांना बी कसंसं वाटत आसंल." मी राखेनं तवा घासत होते.  घासून झालेलाच तवा मी पुन्हा घासायला घेतला.

पुढच्या बाजाराला मी दादांबरोबर गाडीत होते. पहिल्या वळणावर दादा एकदम ओरडले. म्हणजे रागानं नव्हे, त्या आवाजात ओरडूनच बोलावं लागे. "तुझ्या आईला कटाळा आला व्हता तर तोंडानं सांगायचं मला! चाच्याकडं निरोप कशाला धाडायचा?"

ते रस्त्याकडेच बघत होते. मला रडू फुटलं. मी तितक्याच मोठ्यानं ओरडले, "तिनं नव्हता दिला निरोप! मी खोटं बोलले!"

"काय?"

"मी खोटं बोलले दादा! तिचा हात सुजायचा म्हणून! तिला वाटतंय तुम्हीच करून घेतलं!"

त्या चढावर थांबता येत नसे, हँडब्रेक नावालाच होता. तसेच माथ्यावर आलो. दादांनी गाडी कडेला घेतली, उतरून चाकामागे नेहमीचा दगड लावला, रेडिएटरसाठी ठेवलेल्या कॅनमधल्या पाण्यानं तोंड धुतलं. किती वेळ धूत होते. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. ते उपरण्यानं तोंड पुसत आले आणि म्हणाले, "आईला बोललीस का हे?"

"नाही."

"बोलू नको." थोडं थांबून म्हणाले, "ती म्हनंल, झालं ते झालं, आता कशाला येऊ. आन आक्का तर सोडायचीच न्हाई. बघतो मी."

दादांनी बघितलं ते असं. तीन दिवसांनी, पुढच्या बाजाराला, गाडी भरून झाल्यावर ते अंगणाच्या मधोमध उभे राहिले आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सेकंड पुन्हा निसटाया लागलाय!" आक्का ओट्यावर बसली होती. ती म्हणाली, "आत्ताच की रं दुरुस्त केला व्हतास?" दादा जमिनीकडे बघत म्हणाले, "मशीन हाय ते आक्का. त्याचा काय भरवसा." आक्कानं त्यांच्याकडे बघितलं, मग दारात येऊन उभ्या राहिलेल्या आईकडे बघितलं, तोंडातली मिसरी एका गालातून दुसऱ्या गालात केली. मग म्हणाली, "मग बसा जा की. ऊन व्हईल. आन माजी मिसरी संपलीय, येताना आना." आई साडी बदलायलाही आत गेली नाही. हात तसेच पदराला पुसत गाडीत येऊन बसली.

चढ सुरू झाला. आईनं पदराचं टोक तळव्याला गुंडाळलं, दांडा धरला. मी खिडकीशी बसून बघत होते. दांडा हलत नव्हता, निसटायचं नावच नव्हतं. पण इंजिनाच्या थरथरीनं बांगड्या वाजायला लागल्या. दादा ओरडले, "धरलास का?" आईनं एकदा हातातल्या दांड्याकडे बघितलं. मग ती ओरडली, "धरलाय! तुमी रेस करा!" मी पोत्याचा तुकडा सरकवला आणि पायाखालचा पळणारा रस्ता बघत बसले, कारण मला वर बघणं शक्य नव्हतं.

त्यानंतर किती वर्षं ते दोघं तसे गेले ते मी मोजलं नाही. माझं लग्न झालं, मी पुण्याला आले, भाऊ मोठा झाला, आक्का गेली. आक्का गेल्यावर खरं तर कुणाला कारण सांगायची गरज उरली नव्हती. तरी बाजाराच्या दिवशी दादा अंगणातून हाक मारतच राहिले, "अगं ए, गिअर धराया चल."

दादा गेले त्या वर्षी भावानं पिकअप भंगारात द्यायचं ठरवलं. मी गावी गेले होते. तोवर मी चारचाकी चालवायला शिकले होते. भावाला म्हटलं, फाट्यापर्यंत मी नेते, तिथून तो माणूस घेऊन जाईल. मी किल्ली घेऊन चाकावर बसले तर आई आली, बाहेरची कडी ओढून डावं दार उघडलं, आणि खिडकीशी न बसता सरकून मधे येऊन बसली. चढ लागला. मी सेकंड टाकला. तिनं पदराचं टोक तळव्याला गुंडाळलं आणि माझ्या हातावरून आपला हात दांड्यावर ठेवला. मी माझा हात काढून घेतला. तिच्या हातात आता बांगड्या नव्हत्या.

मला राहवलं नाही. मी ओरडले, "आई, तो निसटत नाही गं! तेव्हापासून एकदाही निसटलेला नाही!"

"ठावं हाय मला!" आई ओरडली. "पयल्याच दिशी कळलं! हाताला कळत न्हाई व्हय!"

"मग बोलली का नाहीस कधी?"

"बोलले आसते तर त्यांना दुसरं कायतरी कारन हुडकाया लागलं आसतं!" ती समोर वळणाकडे बघत होती. "आन खोटं बोलाया त्यांना कुठं येत व्हतं!"

आम्ही माथ्यावर आलो. समोर शिवनेरी नेहमीच्या जागी होता. आता थर्ड टाकायचा, म्हणून मी दांड्याकडे हात नेला, पण आईनं तिचा हात काढला नाही. तिनं तो तसाच धरून ठेवला होता, बोटं पांढरी पडली होती. मी हात परत स्टिअरिंगवर ठेवला आणि त्या सपाट रस्त्यानं, इंजिन बोंब मारत असताना, थेट फाट्यापर्यंत गाडी सेकंडमध्येच नेली.